काट्याचं थबकणं

तोडायचं काम करून पोट भरणारी बाई कुणी पाहिली नसेल, तर त्यानं काटेबाईला पाहावं. जग सगळं जोडण्याच्या मागे लागलेलं असतं आणि ही सव्वीस वर्षं एका लांबट खोलीत बसून वस्तू ओढून ओढून तोडत होती. लोखंडाचे गज, तांब्याच्या तारा, रबराचे पट्टे, साखळीच्या कड्या. कुणाला काही बांधायचं असलं की त्यातला एक तुकडा आधी हिच्याकडे यायचा. तिनं तोडून सांगितलं की मगच बाकीचे तुकडे कामाला लागायचे.

खोलीत मधोमध दीड पुरुष उंचीचं यंत्र होतं. त्याला एक वरचा जबडा, एक खालचा. दोन्हींत गज पकडायचा, पंप सुरू करायचा, की खालचा जबडा इतका हळू खाली सरकायचा की बघणाऱ्याला वाटावं, यंत्र झोपलंय. शेजारी परातीएवढी तबकडी, तिच्यावर टनांचे आकडे आणि दोन काटे. काळा काटा चढताना लाल काट्याला पुढे ढकलत न्यायचा. गज तुटला की काळा धाडकन शून्यावर यायचा, लाल मात्र होता तिथंच राहायचा. गजानं जास्तीत जास्त किती सोसलं ते लाल काट्यावर वाचायचं. ते कुणीही वाचेल हो, त्यात काय मोठंसं.

खरी गंमत त्याच्या आधी असायची. लोखंडाचा गज ओढला की केसभर लांबतो आणि सोडला की मुकाट्यानं पहिल्यासारखा होतो. पण त्या परत येण्यालाही एक हद्द आहे. हद्द आली की चढता काळा काटा थबकतो. दोन क्षण, फार तर तीन. जरासा थरथरतो, कधी पाऊल मागे घेतो, मग पुन्हा चढायला लागतो. त्यानंतर गज आणखी पुष्कळ सोसेल, पण सोडला तर परत पहिल्यासारखा होणार नाही. ताणलेला तो ताणलेलाच राहील. हा थबकण्याचा आकडा धरून ठेवायला लाल काटा नाही. तो माणसाच्या डोळ्यानंच टिपावा लागतो, आणि तिचा डोळा असा की तिनं सांगितलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून ती काटेबाई. नाव ठेवलं होतं खराद्यानं, जो शेजारच्या खोलीत लेथवर नमुने कापून द्यायचा आणि दिवसभर जीभही तेवढ्याच वेगात चालवायचा.

एक गज तुटायला चार-पाच मिनिटं लागायची. दुपारी उंच खिडक्यांतून उन्हाचा पट्टा तेलकट फरशीवर उतरायचा, पंप घुं घुं करायचा, आणि काटेबाई डोळे काट्यावर ठेवून मनानं कुठल्या कुठे निघून जायची. माणसं तिला गजांसारखीच दिसायची. सासरे बिडाचे होते, मोडेन पण वाकणार नाही. बीड थबकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फट् करून तुटतं आणि बघणारा दचकतो. सासरे रागावून घर सोडून गेले तेही असेच, जेवता जेवता ताटावरून उठून. खरादी रबराचा. कितीही ओढा, कितीही बोला, सोडला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तिचा नवरा काँक्रीटचा होता. डोक्यावर अख्खं घर ठेवा, हूं की चूं करणार नाही, पण हाताला धरून चार माणसांत ओढून न्यायला गेलं की त्याचा भुगा व्हायचा.

आणि धाकटी, म्हणजे तिची बहीण, साध्या पोलादाची. सांगूनसवरून तुटणारी. आधी थबकणार, मग लांबणार, मग एका जागी बारीक होत जाणार, आणि तरीही समोरच्याला कळलं नाही तर मग तुटणार.

धाकटी नदीपलीकडच्या सूतगिरणीत कामाला होती आणि राहायला अलीकडे. गिरणीच्या दोनशे बायका अशाच अलीकडच्या. नदी ओलांडायला वरच्या अंगाला गाड्यांचा एकच पूल, त्यामुळे रोज पाच वाजता उठून लांबच्या वाटेनं पायपीट. आठ वर्षांपूर्वी गिरणीसमोर पायी जायचा झुलता पूल व्हायचा होता. तारा आल्या, गज आले, आणि काटेबाईनं ते गज नापास केले. काटा फार लवकर थबकत होता. कंत्राटदारानं गाशा गुंडाळला, पूल राहिला तो राहिलाच. तेव्हा धाकटी म्हणाली, "दोनशे जणींच्या पायाखालचा पूल तू काढून घेतलास, ताई. आणि त्यातली एक मी होते." त्यानंतर पाच वर्षं दोघींमध्ये बोलणं नव्हतं. तुटेपर्यंत ताणू नये हे जगाला आकड्यांत सांगणाऱ्या बाईच्या घरात हे झालं. पुढे समोर आल्या तर बोलायच्या, पण कशा, तर दोन शेजारणी बोलतात तशा.

यंदा पुन्हा पूल मंजूर झाला आणि धाकटीचा चेहरा उजळला. ती आपण होऊन ताईच्या घरी आली, पाय पसरून बसली, चहा मागून घेतला. "पूल झाला ना, की मला रोज चाळीस मिनिटं जास्त झोप," ती म्हणाली. "आठ वर्षांची झोप साठलीय, ताई. व्याजासकट झोपणार आहे." काटेबाई त्या रात्री हसत हसत झोपली. बहीण परत आली होती.

मग गज आले. भट्टीचे तीन घाणे, प्रत्येक घाण्यातला एक गज तोडायला. काटा आठ टनांच्या पुढे थबकायला हवा होता. पहिला थबकला आठ टन चारशेला. दुसरा आठ टन पाचशेला. तिसरा लावला तेव्हा उन्हाचा पट्टा तिच्या पावलांवर आला होता. पावलं कोमट झाली. काटा चार टनांवर आला, पाचवर आला, सहाच्या जवळ आला. आणि ती गच्चीवर होती.

गच्चीवर ओली चादर होती आणि चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन धाकटीच्या. धाकटी सहा-सात वर्षांची, हाडकुळी. सुरकुत्या काढायला दोघी चादर ओढत होत्या, आणि ताईनं ओढलं की धाकटीची पावलं फरशीवरून घसरत पुढे यायची. ती हसून हसून लोटपोट. "ताई, सोडू नको हं," असं ओरडायची, कारण ताईनं सोडलं की ती पाठीवर आपटणार. चादर झटकली. चादरीतून काहीतरी काळं, पातळ, पापुद्र्यासारखं भुरभुर खाली पडायला लागलं. फरशीवर त्याचा बारीक आवाज होत होता. ती बघत राहिली. किती पडतंय हे, चादर तर आत्ताच धुतली होती.

डोळे उघडले तेव्हा काटा साडेनऊ टनांवर होता.

पंप घुं घुं करत होता. गजाच्या अंगावरची काळी खपली झडून यंत्राच्या पायाशी पडली होती. गज आपली हद्द ओलांडतो तेव्हा ही खपली झडते, हे तिला सव्वीस वर्षं माहीत होतं. ती कधी झडली ते माहीत नव्हतं. मग गज लांबला, बारीक झाला, तुटला. लाल काटा तेराच्या पुढे राहिला होता. मजबूत गज. तुटलेलं तोंडही कसं छान, वाटीसारखं. आणि तुटलेला गज काही पुन्हा ओढता येत नाही.

तिनं कागद पुढे ओढला. दोन गज आठाच्या पुढे थबकले होते, तिसरा तरी वेगळा कशाला असेल? त्याच भट्टीचा, त्याच हातांचा. तिनं लिहिलं, आठ टन तीनशे. आकडा अंदाजानं लिहायची ही तिची पहिली वेळ. अक्षर मात्र नेहमीसारखंच सुरेख आलं.

गज पुलावर चढले. तीन आठवडे ती मूग गिळून होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगायची आणि दुपारी उन्हाचा पट्टा पावलांवर आला की ती भुरभुर ऐकू यायची. स्वप्नात पापुद्रे पडले तेव्हा काटा कुठे होता? सहावर तर तिनं तो पाहिला होता. म्हणजे सहालाच झडले? की ते नुसतं स्वप्न? त्याहून वाईट एक प्रश्न होता, तो ती स्वतःलाही धड विचारत नव्हती. तिचा डोळा लागला होता, की तिनं मिटला होता?

सोमवारी पूल सुरू व्हायचा होता. गुरुवारी संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. धाकटीची खोली एवढीशी, खिडकीत सुकायला टाकलेले मोजे, भिंतीला टेकवलेली गादी. धाकटीनं गजराचं घड्याळ तिच्या हातात दिलं. काटा आधीच पाचवरून पुढे, पाच चाळीसवर आणून ठेवलेला होता.

"आजपासूनच?" काटेबाई म्हणाली. "पूल सोमवारी आहे, बाई."

"असू दे. बघायला बरं वाटतं." धाकटीनं घड्याळ परत घेतलं आणि पदरानं पुसलं. "गिरणीतल्या बायका घाबरतात, ताई. म्हणतात, झुलता पूल, हलतो किती, कसं जायचं. मी त्यांना म्हटलं, माझ्या ताईनं गज पास केलेत. आठ वर्षांपूर्वी सख्ख्या बहिणीची भीड धरली नाही तिनं, आता कुणाची धरणार आहे? मी तर डोळे मिटून जाणार त्या पुलावरून."

काटेबाई चहा अर्धा टाकून उठली. "काय झालं गं?" म्हणत धाकटी दारापर्यंत आली, आणि ही म्हणाली, काही नाही, दुपारची झोप नडते. ते खोटंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेब म्हणजे चाचणीघराचे प्रमुख, वयानं तिच्या मुलासारखे, शिकलेले, सावकाश बोलणारे. तिनं सगळं सांगितलं. चादर तेवढी सांगितली नाही.

साहेबांनी तो कागद काढून बराच वेळ पाहिला. "त्या घाण्यातला एखादा गज उरलाय?"

"एकही नाही. सगळे पुलाच्या मधल्या भागात लागलेत. मी बघून आले."

"गज उतरवायचे म्हणजे अर्धा पूल सोडवावा लागेल." त्यांनी कागद खाली ठेवला. "बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"पुलाला कळलं असतं," ती म्हणाली.

साहेब हसले नाहीत. पूल आहे तसाच तपासायचं ठरलं. दोनशे बायकांच्या दीडपट वजनाची वाळूची पोती पुलावर ठेवायची, उतरवायची, आणि पूल परत वर येतो का ते बघायचं. मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "नवीन यंत्र मागवणार आहे मी. रेघ आपोआप कागदावर उमटते त्यात. यापुढे नुसत्या डोळ्यावर ठेवता यायचं नाही, बाई." तिनं मान डोलावली. सव्वीस वर्षांची काटेबाई तेवढ्या एका वाक्यात संपली, आणि ते वाक्य चुकीचंही नव्हतं, याचंच तिला फार वाईट वाटलं.

बातमी दुपारपर्यंत गिरणीत पोचली. धाकटी पाळी संपवून तडक चाचणीघरात आली, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. खरादी लेथ थांबवून सटकला. काही वेळा गप्प बसायचं त्यालाही कळायचं.

"म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सोमवारचं रद्द."

"रद्द नाही. तपासायचं आहे."

"तीन आठवडे झोपली होतीस का?"

"तीन आठवडे नाही. तीन मिनिटं." आणि मग काटेबाईनं तिला सगळं सांगितलं, साहेबांना सांगितलं त्याहून थोडं जास्त. काटा सहावर होता ते सांगितलं, साडेनऊवर होता ते सांगितलं. चादर याही वेळी तोंडाशी आली आणि तिथंच राहिली.

धाकटीनं यंत्राकडे पाहिलं. दोन्ही जबडे रिकामे होते. "तुला माझा पूल बघवतच नाही, ताई," ती म्हणाली आणि गेली. काटेबाईनं तिला थांबवलं नाही. ती स्टुलावर बसून काळ्या काट्याकडे बघत राहिली. तो शून्यावर होता आणि हलत नव्हता.

शनिवारी सकाळी नदीवर धुकं होतं. पूल अर्धाच दिसत होता. अलीकडचा काठ, मग थोड्या फळ्या, मग काहीच नाही. हमाल पोती घेऊन फळ्यांवरून धुक्यात शिरायचे आणि रिकामे हात घेऊन बाहेर यायचे. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. साहेबांनी पुलाच्या मध्यावर कठड्याला मोजपट्टी बांधली होती आणि या काठापासून त्या काठापर्यंत फळ्यांना लागून एक सुतळी ताणली होती. पूल हळूहळू खाली बसत गेला, सुतळी होती तिथंच राहिली. काटेबाईला वाटलं आपण चाचणीघरातच आहोत, फक्त कुणीतरी भिंती काढून घेतल्यात आणि यंत्र नदीवर आडवं निजवलंय.

मग तिला ते ऐकू आलं. भुरभुर. वर रंगवलेल्या गजांचे पापुद्रे सुटून पाण्यावर पडत होते. ती एकटीच ऐकत होती असं तिला वाटलं. तिनं मान वळवली तर धाकटी शेजारी उभी होती. गिरणीच्या पंधरा-वीस बायका तिच्या मागे.

"हे काय पडतंय?" धाकटीनं विचारलं.

"गज सांगतायत," काटेबाई म्हणाली.

पोती तासभर राहिली. मग हमालांनी ती एकेक करून उतरवली. दोन्ही बाजूंचे गज आखडले, फळ्या वर आल्या, पूल अंग झटकल्यासारखा हलला आणि स्थिर झाला. दोन्ही काठांकडे तो सुतळीला अगदी लागून होता. मध्ये नव्हता. मध्ये सुतळी आणि फळी यांच्यात फट राहिली होती. साहेब वाकून मोजत होते. धाकटी त्यांच्या बाजूनं फळ्यांवरून पुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्या फटीत आपलं बोट घातलं. बोट बरोबर बसलं.

मग काटेबाईही जाऊन तिच्याशेजारी बसली. खाली पाणी वाहत होतं, पण धुक्यामुळे दिसत नव्हतं.

"एक बोटच आहे," धाकटी म्हणाली.

"आज एक बोट. रोज दोनदा दोनशे जणी गेल्या असत्या."

"तिसऱ्या घाण्याचे सगळे गज बदलायचे," साहेब मागून म्हणाले. "अडीच महिने लागतील."

धाकटीनं बोट काढलं. त्यावर सुतळीचा लालसर वळ उठला होता, तो ती चोळत राहिली. "ताई, खरं सांग. त्या दिवशी डोळा लागला होता, की मिटला होतास?"

काटेबाईनं उत्तर शोधलं. आत पुष्कळ खोल जाऊन शोधलं. "माहीत नाही गं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "खरंच माहीत नाही. तू परत आली होतीस. मला ते मोडायचं नव्हतं."

मागच्या बायकांतली कुणीतरी म्हणाली, म्हणजे अडीच महिने आणखी लांबची वाट, आणि दुसरी म्हणाली, नदीत पडण्यापेक्षा बरी. धाकटीनं पदरानं ताईचे डोळे पुसले. गुरुवारी घड्याळ पुसलं होतं, तसेच.

"माझी चाळीस मिनिटं तू खाल्लीस," ती म्हणाली. "ती तूच भरून द्यायचीस. सोमवारपासून साडेपाच वाजता माझ्या खिडकीखाली यायचं."

"येते. आणि काय करू?"

"ये तर खरी."

सोमवारी साडेपाचला काटेबाई खिडकीखाली उभी होती. धाकटी खाली आली, शाल डोक्यावरून घेतलेली, एका हातात डबा. तिनं ताईचा दंड धरला, डोकं तिच्या खांद्याला टेकवलं आणि चालता चालता डोळे मिटून घेतले. काटेबाई थबकली.

"काय गं हे?"

"झोपतेय. चाळीस मिनिटं. तू रस्ता बघ," धाकटी मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. थोडं चालून झाल्यावर, अर्धवट झोपेत, तिनं पकड घट्ट केली. "ताई, सोडू नको हं."

चादरीचं काटेबाईनं तिला कधीच सांगितलं नव्हतं. वाट ओली होती, ठिकठिकाणी दगड वर आलेले होते, आणि उजेड अजून नीट झाला नव्हता. ती डोळ्यात तेल घालून एकेक पाऊल बघत राहिली, आणि गाड्यांच्या पुलापर्यंत तिनं एकदाही पापणी मिटली नाही.